कर्जखतावरची कादंबरी

बारामती तालुक्यातलं सुपे मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे ते एका शिमग्यामुळे. सुपे परगण्याचा कारभार शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडे होता. महाराज शिमग्याचं पोस्त मागायच्या निमित्ताने गेले, मामांना कैद केलं आणि परगणा ताब्यात घेतला, असं बखर सांगते. कादंबरीकारांनी आणि व्याख्यात्यांनी हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितला आहे. त्याच सुप्याच्या बाजारपेठेत १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले कुणबी जमले. गुजर-मारवाडी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं त्यांनी मागून घेतली, मिळाली नाहीत तिथे हिसकावली आणि जाळून टाकली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. इतकं सगळं घडूनही सुप्याचा हा उठाव आज भेटतो तो स्पर्धा परीक्षेच्या गाइडात, एका गुणाच्या प्रश्नात.

एका गावाचे हे दोन इतिहास. पहिल्यावर लिहिणाऱ्यांची रांग आहे; दुसऱ्यावर मराठी मनात घर करून राहिलेली कादंबरी नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास बघितला तर त्यात लढाया थोड्या आहेत. कर्ज, सारा आणि पाणी मात्र पानोपानी आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीकडे लढाईसाठी साचा आहे, कर्जासाठी नाही. म्हणून हा मुलूख तिला दिसत नाही, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं तपासायला आयर्लंडचा आरसा उपयोगी पडतो. साम्राज्य तेच, खंडाने पिचलेली कुळंही तशीच, आणि दुष्काळाची आठवणही तितकीच खोल. सुप्यानंतर चारच वर्षांनी, १८७९ मध्ये, तिथे कुळांची लँड लीग उभी राहिली. टिळकांनी १९१६ मध्ये चळवळीला ‘होमरूल’ हे नाव दिलं तेही तिकडूनच घेतलं. राजकारणात आपण आयर्लंडकडून बरंच उचललं. कथात्म साहित्यात मात्र आयरिश वारसा आपल्यापर्यंत आला तो वळसा घेऊन, आणि वाटेत त्यातला मोलाचा ऐवज गळून पडला.

तो वळसा असा. मारिया एजवर्थ या लेखिकेची ‘कॅसल रॅकरेंट’ ही छोटी कादंबरी १८०० साली आली. एका जमीनदार घराण्याच्या चार पिढ्यांची ही गोष्ट. एक दारूत बुडतो, एक कोर्टकज्जात, एक जुगारात, आणि शेवटचा भोळसट उधळेपणात. सांगणारा आहे थॅडी नावाचा म्हातारा कारभारी. तो धन्याची तोंड भरून स्तुती करत राहतो, आणि त्या स्तुतीतूनच घराण्याचा सगळा पोकळपणा वाचकाला कळत जातो. अखेरीस कर्जाच्या कागदांच्या जोरावर इस्टेट गिळणारा वकील हा थॅडीचाच मुलगा निघतो. गडकोट नाही, लढाई नाही; सगळी उलथापालथ हिशोबाच्या वहीत होते. वॉल्टर स्कॉटने आपल्या कादंबऱ्यांमागे एजवर्थची प्रेरणा असल्याचं उघड मान्य केलं. स्कॉटने मात्र त्या प्रेरणेला सरदार, किल्ले आणि प्रेमवीरांची जोड दिली, आणि भारतात पोचला तो हा स्कॉट. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ची. ती वाचणाऱ्या पिढीसमोरच चार वर्षांनी सुपे पेटलं. स्कॉटकडून आपण गड घेतला. स्कॉटच्याही मागे उभा असलेला वही-खात्यांवर बसलेला थॅडी आपल्यापर्यंत आलाच नाही.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’पासून नाथमाधवांच्या स्वराज्यमालेपर्यंत आणि तिथून १९६० नंतरच्या भरतीपर्यंत हा गड शाबूत राहिला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘श्रीमान योगी’ (१९६८), ना. सं. इनामदारांची ‘झेप’ (१९६३) आणि ‘राऊ’ (१९७२), शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९), विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) यांनी मराठी घराघरात वाचनाची गोडी लावली, हे श्रेय कुणी नाकारू नये. इनामदारांनी इतिहासाने बदनाम केलेल्या माणसांची बाजू घेतली, पाटलांनी पराभवाला महाकाव्याचा आवाका दिला. तरी या सगळ्या इमारतींचा खांब एकच आहे: थोर पुरुष आणि त्याची शोकांतिका. गावं येतात ती वाटेवरच्या मुक्कामापुरती. इंदापूरचंच बघा. मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरीत इंदापूरच्या लढाईत पडले. आजही तिथली गढी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कथात्म साहित्यात मालोजीराजे येतात ते नातवाच्या गोष्टीची प्रस्तावना म्हणून, आणि इंदापूर येतं ते त्या प्रस्तावनेतलं एक वाक्य म्हणून.

याच साच्यामुळे बारामतीचा सर्वांत कादंबरीमय माणूस कोपऱ्यात राहिला. बाबूजी नाईक हा पेशव्यांचा सावकार आणि सोयराही. त्याचा भाऊ आबाजी नाईक पहिल्या बाजीरावाचा मेहुणा. बाजीराव आयुष्यभर कर्जात, आणि त्या कर्जाचा मोठा धनको घरातलाच. १७४० मध्ये बाजीराव वारले तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजी नाइकाचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं बाळाजी बाजीरावाला दिली म्हणून इतिहास दुसरीकडे वळला. दौलतीला उसने पैसे देणारा माणूस दौलतीचा मालक होता होता राहिला, यापेक्षा भारी कथाबीज शोधूनही सापडणार नाही. कऱ्हेच्या काठी बारामतीत नाइकांचा वाडा अजून उभा आहे. त्याच नाइकांच्या आश्रयाने पंडित कवी मोरोपंत बारामतीत राहिले, आर्या रचत राहिले, आणि १७९४ मध्ये इथेच वारले. त्याआधी १७१८ साली श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृत’ याच गावात पुरं केलं होतं. एकीकडे व्याजाचा हिशोब, दुसरीकडे आर्यांचा. आणि कवीचा शिधा त्याच व्याजातून येणारा. पैसा आणि प्रतिभा यांच्या या घरोब्यात कादंबरी दडलेली आहे, पण मोरोपंत आपल्याला पाठ्यपुस्तकातून बाहेर काढावेसे वाटले नाहीत.

कर्जावर मराठीत कुणी लिहिलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी १८८८ मध्ये ‘बळीबा पाटील’ लिहिली. १८७७च्या दुष्काळातला शेतकरी तिच्या मध्यभागी आहे. तिच्या मागे पाच वर्षं आधीचा जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ उभा आहे. धनुर्धारींची ‘पिराजी पाटील’ १९०३ची. खुद्द हरिभाऊंनी दुष्काळावर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा लिहिली. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. म्हणजे प्रवाह होता. तो मुख्य धारेत मिसळला नाही, कारण आपण लवकरच कपाटं वेगळी केली. राजे-पेशवे ऐतिहासिकच्या कपाटात, कुणबी-सावकार ग्रामीणच्या. ग्रामीण कपाटातला माणूस नेहमी वर्तमानात कण्हणारा. त्याला पणजोबा असतो, त्या पणजोबाच्या हातात पेटती चूड होती, हे त्या साहित्याला सहसा आठवत नाही. सावकाराचं तर आणखी वाईट झालं. टोपी, चष्मा, तिरकस हसू आणि गहाणखत एवढ्या सामानात तो उरकला गेला. कापसाचा भाव अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढला तेव्हा मोकळ्या हाताने कर्ज देणारा आणि भाव कोसळल्यावर स्वतःच वरच्या पेढीला देणं लागणारा सावकार आपल्या कथेत क्वचितच भेटतो.

इंदापूरच्या वाट्याला याहून मोठी गोष्ट आली आहे. मुंबई इलाख्याची नवी जमीनमोजणी या तालुक्यातून सुरू झाली. त्याआधी प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशोबाने लावलेला सारा रयतेला झेपला नव्हता. जमिनी पडीक टाकून लोक परागंदा झाले होते. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतं नव्याने मोजली, मातीची प्रतवारी केली, आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी नवे दर बांधून दिले. ही पद्धत पुढे सगळ्या इलाख्याला लागू झाली. तीस वर्षं भरली तेव्हा १८६७ मध्ये फेरआकारणीही इंदापुरातूनच सुरू झाली. सारा चढला, आणि तो भरायला कुणबी सावकाराच्या ओट्यावर गेला. सुप्याचा वणवा पेटायला जी वाळकी काटकी साचली, तिची पहिली मोळी इथली.

हा इतिहास कुठल्याही सातबाऱ्यात उघड्यावर पडलेला आहे. क्षेत्राच्या खाली ‘पोटखराब’ आणि शेजारी ‘आकार’ हे रकाने दिसतात. जमीन कितीची आणि तिने सरकारला काय द्यायचं, हे त्या मोजणीने ठरवलेलं नातं आजही कागदावर आहे. ३३ फुटांची साखळी, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तीच साखळी बांधावर पडली तेव्हा कुणाचा बांध सरकला, कुणाची माती हलक्या प्रतीत बसवून घ्यायला कुलकर्ण्याच्या हातावर काय ठेवावं लागलं, कुणाच्या वतनी तुकड्याचं काय झालं, हे प्रश्न विचारायला कादंबरीकार लागतो. आयर्लंडचं सर्वेक्षण त्याच दशकात चाललं होतं. त्यावर ब्रायन फ्रीलने ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक लिहिलं आणि १९८० मध्ये डेरी शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. १८३३ सालचं एक खेडं, मोजणीला आलेले सैनिक, त्यांच्याशी गावाचं जुळलेलं आणि फाटलेलं नातं. दीडशे वर्षांपूर्वीची साखळी आणि काठ्या घेऊन फ्रीलने आपल्या काळातल्या उत्तर आयर्लंडच्या जखमेवर बोट ठेवलं. इंदापूरची मोजणी आपल्याकडे अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गापुरती उरली.

पाण्याची कथा या दोन्ही तालुक्यांत कर्जाच्या कथेला खेटून चालते. भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्याने आलं, बागाईत पिकू लागलं. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवलं. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी सहकारी कारखान्यांची रांग लागली. १९८०च्या सुमारास उजनीचं धरण पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. ज्या पाण्याने कुणाचं शेत हिरवं झालं त्यानेच कुणाचं गाव बुडवलं. उन्हाळ्यात साठा खाली गेला की जुन्या पळसदेवच्या मंदिराचं शिखर वर येतं. लोक होडीतून जातात, रील काढतात, भिगवणचे रोहित पक्षी बघून परततात. धरणग्रस्तांवर मराठीत मोठी कादंबरी झालेली आहे. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला, कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ने २०२३चा. उजनीला तेवढ्या ताकदीचा लेखक अजून मिळायचा आहे. आणि याच मुलखात दरवर्षी दसऱ्या-दिवाळीनंतर उसाच्या फडावर टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाने आधीच उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत पुढच्या हंगामाची चढते. नाइकांचा वाडा, सुप्याची पेठ आणि उसाचा फड यांना ओवणारा दोरा शोधायला लांब जायला नको. तो कर्जाचाच आहे.

आजचं चित्र कसं आहे? बाजाराला विचाराल तर ऐतिहासिक कादंबरीचे दिवस चांगले आहेत. ‘छावा’वरून २०२५ मध्ये हिंदी चित्रपट निघाला आणि जुनी कादंबरी पुन्हा हातोहात खपली. पण खपणं आणि कलेने पुढे सरकणं या निराळ्या गोष्टी. पुढे सरकलेलं लेखन वेगळीकडे आहे. नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ (१९९७) या कादंबरीत पेशवाई सांगतो तो वीरपुरुष नव्हे, एक बेरकी, आपमतलबी, जीव राखून असणारा हेर. थॅडीचा हा मराठी भाऊबंद. रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) एका कुळाच्या सातशे वर्षांतून गावपातळीवरचा महाराष्ट्र उभा केला, कुळी उज्ज्वल दाखवण्यापेक्षा तिची सरमिसळ दाखवण्यात त्यांना रस आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’ने (२०१८) भीमा-कोरेगावच्या पुढेमागे महार माणसाचा इतिहास मांडला. या तिघांत साम्य एकच: इतिहासाकडे बघण्याची खिडकी त्यांनी दरबारातून काढून दुसरीकडे बसवली. दोष त्यांच्यातही आहेत. पठाऱ्यांचा पसारा कधी कधी वंशावळीच्या ओझ्याने वाकतो. लिंबाळ्यांच्या कादंबरीत काही ठिकाणी निबंध पात्रांना बाजूला सारतो. पण वाट हीच आहे, आणि तिच्यावर गर्दी नाही.

गर्दी का नाही, याचं उत्तर प्रतिभेच्या तुटवड्यात शोधू नये. आयर्लंडमध्ये लेखकाच्या आधी साठवण करणारे लोक राबले. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांतल्या मुलांना आजी-आजोबांकडून ऐकलेलं लिहून आणायला सांगितलं. दुष्काळात काय खाल्लं, भुतं कुठल्या वळणावर दिसतात, जमीनदार कसा होता, विहिरीचं पाणी कशाला लागतं, हे सगळं हजारो मुलांनी वह्यांत उतरवलं आणि ते जपलं गेलं. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या माणसांच्या १७७३ साक्षी १९४७ ते १९५७ दरम्यान नोंदवल्या. १९०१ आणि १९११च्या जनगणनेचे घराघराचे तक्ते आज कुणालाही फुकट बघता येतात. कादंबरीकाराला सनावळीपेक्षा अशाच गोष्टी हव्या असतात: त्या दिवशी घरात किती माणसं होती, चुलीवर काय होतं. आपल्याकडे इतिहासकार राजवाड्यांच्या प्रेरणेने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं आणि मोडी कागदांचे ढीग वाचले गेले, हे काम फार मोठं. मात्र त्यात राजकारणाच्या कागदांना जो मान मिळाला तो गहाणखतांना मिळाला नाही. सुप्याच्या वह्या तर पेटवल्याच गेल्या. त्यामुळे इथे तोंडी आठवण हाच दस्तऐवज, आणि ती प्रत्येक पिढीबरोबर विरत चालली आहे.

दुसरी अडचण भिडेची. आनंद यादवांसारख्या लेखकाला ‘संतसूर्य तुकाराम’ मागे घ्यावी लागली आणि २००९च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, हे प्रत्येक लिहिणाऱ्याला आठवतं. आयर्लंडही यातून गेलं. एडना ओब्रायनच्या ‘द कंट्री गर्ल्स’वर १९६० मध्ये बंदी आली, जॉन मॅकगहर्नच्या ‘द डार्क’वर १९६५ मध्ये बंदी आली आणि त्याची शिक्षकाची नोकरीही गेली. लेखक हटले नाहीत, वाचक हळूहळू त्यांच्या बाजूने आले. क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) हे त्याचं फळ. १९८५ सालच्या एका लहान गावातला कोळशाचा व्यापारी कॉन्व्हेंटमध्ये कोळसा टाकायला जातो आणि तिथे कोंडलेल्या मुलीला बघतो; शंभरेक पानांत अख्ख्या समाजाच्या गप्प बसण्याचा हिशोब होतो. बारामती-इंदापुरात भीड आणखी नाजूक आहे. आयर्लंडचा जमीनदार बव्हंशी निघून गेला. इथे सावकाराचा पणतू आणि कुळाचा पणतू एकाच शाळेत शिकले, एकाच पतसंस्थेच्या संचालक मंडळावर बसतात. सुप्याची गोष्ट सांगायची तर दोघांच्याही घरात शिरावं लागेल आणि दोघांनाही माणूस म्हणून वागवावं लागेल. भडक रंगांची सवय झालेल्या लेखणीला हे जड जातं.

आयर्लंडचं कौतुक करतानाही हात राखावा. त्यांचं बहुतेक लेखन इंग्रजीत, त्यामुळे जगाचा बाजार त्यांना आयता मिळाला. शिवाय मौन त्यांच्याकडेही होतं. दहा लाख माणसं मारणारा १८४५नंतरचा दुष्काळ त्यांच्या नामांकित लेखकांच्या पानांत इतका कमी का, असा सवाल समीक्षक टेरी ईगल्टनने १९९५ मध्येही केला. लिअम ओफ्लाहर्टीची ‘फॅमिन’ यायला १९३७ उजाडलं, म्हणजे जवळपास नव्वद वर्षं गेली. सुप्याला २०२५ मध्ये दीडशे वर्षं झाली. उशीर झाला आहे, पण गाडी चुकलेली नाही.

बारामतीत १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे. दोन्ही तालुक्यांत शाळा-कॉलेजांची कमतरता नाही. मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मनावर घेतलं तर आयरिश मुलांनी केलं ते काम इथली मुलं एका शैक्षणिक वर्षात सुरू करू शकतात: घरातली मोडी खतं, मोजणीच्या आठवणी, बुडालेल्या गावांची वहिवाट, टोळीतल्या बायकांच्या हकिगती. तेवढ्याने कादंबरी होणार नाही. साठवण लेखकाला कच्चा माल देते. दृष्टी त्याची त्याने आणायची असते, आणि इथे दृष्टीचा प्रश्न मुळात सांगणारा कोण हा आहे. सुप्याच्या त्या दिवसाची गोष्ट दंगेखोर पाटलाने सांगितली तर ती पोवाडा होईल, फौजदाराने सांगितली तर पंचनामा. सावकाराच्या पेढीवरचा गुमास्ता, ज्याच्या हातचं अक्षर त्या खतांवर आहे आणि ज्याचा चुलता खत मागायला दारात उभा आहे, तो बोलू लागला तर मात्र कादंबरी होईल. असा गुमास्ता घडवू शकणारा लेखक मराठीला मिळेपर्यंत आपली ऐतिहासिक कादंबरी खपेल, गाजेल, पडद्यावर जाईल. महाराष्ट्राचा निम्मा इतिहास मात्र तिच्या वहीत येणे बाकी राहील.